पाणी आठ तास, जिवाणू महिनाभर

उन्हाळ्यात लातूर-बीडकडच्या मोठ्या दवाखान्यांसमोर टँकर उभे दिसतात. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. भारतीय मानकानुसार शंभर खाटांपर्यंतच्या रुग्णालयाला खाटेमागे रोज 340 लिटर पाणी धरतात. शंभर खाटांचे झाले 34,000 लिटर, म्हणजे दहा हजारी जवळपास साडेतीन टँकर. त्यातलं बहुतेक त्याच दिवशी मागच्या नालीत उतरतं.

‘त्यात आम्ही ब्लीचिंग पावडर टाकतो की,’ माझा एक डॉक्टर मित्र म्हणाला. क्लोरीन जंतू मारतो हे खरं. पण गढूळ पाण्यात त्याचा बराच भाग घाण आणि अमोनियाच गिळून टाकतात. शिवाय प्रश्न नुसत्या जंतूंचा नाही. रुग्णाने घेतलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचा मोठा वाटा लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. नालीत त्याच्यामुळे दुबळे जिवाणू मागे पडतात, प्रतिकाराचं जनुक असलेले टिकतात आणि ते जनुक शेजाऱ्यालाही देतात. 2011 साली दिल्लीतल्या साचलेल्या पाण्यात, काही नळांच्या नमुन्यांतसुद्धा, एनडीएम-1 हे जनुक सापडल्याचं प्रसिद्ध झालं. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांनाही ते निकामी करतं. ‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, गोदामाई सगळं पोटात घेते’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात नदीवर जाऊन यावं. बऱ्याच ठिकाणी तेव्हा पात्रात वाहतं ते आपलंच सांडपाणी असतं.

यावरचा एक चांगला उपाय म्हणजे मेम्ब्रेन बायोरिॲक्टर, एमबीआर. एका टाकीत सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंनी भरलेला गाळ, खालून सतत हवेचे बुडबुडे आणि मधे पोकळ नळ्यांचे झुबके, काठीवर वाळत घातलेल्या शेवयांसारखे. पंप आतून ओढतो, पाणी नळीच्या भिंतीतून झिरपून आत येतं, गाळ बाहेर राहतो. भिंतीतली छिद्रं साधारण 40 नॅनोमीटरची, जिवाणू हजारभर नॅनोमीटरचा.

‘म्हणजे ही चाळणी औषध गाळून काढते’ हा सर्रास होणारा गैरसमज. सिप्रोफ्लॉक्सासिनचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. गावच्या वेशीतून कोंबडीचं पिल्लू जावं तसा तो जाईल. चाळणी औषध अडवत नाही, ती औषध खाणाऱ्या जिवाणूला अडवते, आणि मला या यंत्राचं वेड आहे ते याचसाठी.

1914 साली मँचेस्टरला पुढे आलेल्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या जुन्या पद्धतीत गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं पाणी सोडून द्यायचं. जो बसत नाही तो पाण्याबरोबर वाहून जातो. समजा, अशा टाकीतून रोज एकदशांश गाळ जातो. तिथे टिकायचं तर जिवाणूला रोज किमान 10 टक्के वाढायला हवं. रोज 4 टक्केच वाढणारा जिवाणू दरदिवशी 6 टक्क्यांनी घटेल आणि महिन्याभरात सहाव्या हिश्श्यावर येईल. आता नळ्या लावा आणि गाळ मुद्दाम काढाल तेवढाच बाहेर, रोज चाळिसावा हिस्सा. जगायला 2.5 टक्के वाढ पुरते. तोच हळू जिवाणू आता बस्तान बसवतो. पाणी पाहुण्यासारखं सात-आठ तासांत निघून जातं, जिवाणू महिनाभर घरचे होऊन राहतात. अमोनिया खाणारे जिवाणू असेच हळू वाढणारे, आणि चिवट रेणू फोडणारे कितीतरीही. शिवाय लिटरमागे 2 ते 4 ग्रॅम गाळाऐवजी 8 ते 12 ग्रॅम मावतो, म्हणून टाकी लहान पुरते.

‘पाणी शंभर टक्के औषधमुक्त’ असं कुणी विकत असेल तर मात्र विश्वास ठेवू नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन छान फुटतात. फिट्सवरचं कार्बामॅझेपिन जवळजवळ तसंच पार होतं. त्याला पुढे ओझोन किंवा सक्रिय कोळसा लागतो. सिप्रोफ्लॉक्सासिन बरंचसं गाळाला चिकटतं, त्यामुळे हा गाळ खत म्हणून शेतात टाकू नये.

आपल्याकडे एका खासगी रुग्णालयात मी असा प्लांट पाहिला. निरोगी गाळ तपकिरी असतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. इथला काळा होता, सडक्या अंड्यांचा वास मारत होता. ऑपरेटर हळूच म्हणाला, ‘सर, बिल वाढतं म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवायला सांगतात.’ ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र; हवा नसेल तर हे जिवाणू वाढत नाहीत, आणि वाढ 2.5 टक्क्यांखाली गेली की ते घटत जातात. व्यवस्थापनाला वरचं गणित कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा ब्लोअर रात्रंदिवस चालू झाला. आठवड्याभरात वास गेला, गाळ तपकिरी झाला. अमोनिया उतरायला सव्वा महिना लागला.