लेन्सला मीटर कळत नाही

लग्नसराई सुरू झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंगल कार्यालयांत हल्ली कॅमेऱ्याच्या डोक्यावर मुठीएवढी काळी डबी दिसते. खाली गिंबल, म्हणजे कॅमेरा न हलता धरणारी दांडी, मध्ये कॅमेरा, त्याला जाडजूड लेन्स, लेन्सला चिकटून दातेरी चाकाची छोटी मोटर, आणि सगळ्यांत वर ही डबी. तिचं नाव लायडर. तिच्याबद्दल दोन गोष्टी कानावर येतात. शूटिंगवाले छातीठोकपणे सांगतात, "एआय आहे, आपोआप फोकस करतंय की!" आणि नवरीकडचं एखादं जाणतं माणूस म्हणतं, "लेसर आहे म्हणे ते, पोरीच्या डोळ्यावर मारू नका."

दुसऱ्या बोलण्यामागची काळजी समजू शकते. मिरवणुकांतल्या लेसर दिव्यांनी डोळे दुखावल्याच्या बातम्या कोल्हापूर-पुण्याकडून येत असतात, आणि त्या दिव्यांपासून माणसांनी आणि कॅमेऱ्यांनीही लांबच राहावं. पण कॅमेऱ्यावरच्या डबीतला प्रकाश अवरक्त असतो, नॅनोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागांच्या, तुकड्यांत सुटतो आणि पसरत जातो. असली उपकरणं लेसर सुरक्षिततेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक वर्गातली असतात. डबीवर किंवा तिच्या पुस्तिकेत तसं छापलेलं असतं, ते बघून घ्यावं आणि विषय संपवावा. (मोटारींवर बसवतात त्या लायडरची गोष्ट निराळी. २०१९ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात तसल्या एका लायडरचा फोटो काढताना एका कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा डागाळला होता.)

पहिली समजूत मात्र खिशाला महाग पडते. ही डबी फोकस करत नाही. चित्र धूसर आहे की स्पष्ट, हे तिला ठाऊकच नसतं, कारण ती लेन्समधून बघत नाही. ती फक्त अंतर मोजते. सिनेमाच्या सेटवर फोकस पुलर टेप लावून नटापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर घेतो, लेन्सच्या फोकसच्या रिंगवर खुणा करतो आणि नट चालू लागला की त्या खुणांच्या आधाराने रिंग फिरवत राहतो. त्यातलं टेपचं काम लायडरने घेतलं आणि मनगटाचं काम मोटरने. काही डब्यांत जोडीला एक कॅमेरा असतो. मोजलेल्या हजारो अंतरांपैकी चेहऱ्याचं अंतर कुठलं, हे तो निवडतो. एआय म्हणतात ते एवढंच.

आयती ऑटोफोकस लेन्स मिळत असताना हा खटाटोप कशाला? कारण सिनेमाच्या लेन्समध्ये मोटरही नसते आणि कॅमेऱ्याशी बोलणाऱ्या विजेच्या पट्ट्याही बहुधा नसतात. तिची रिंग दोन्ही टोकांना ठाम अडते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनशे अंशांच्या आसपास फिरते, त्यामुळे हलकासा बदलही हाताला नीट साधतो. आणि ज्यांचं बजेट सिनेमाचं नाही, ती पोरं जुनी रशियन हेलिओस ४४-२ घेऊन लघुपट काढतात. तिच्यातही मोटर नाहीच. अशा 'मुक्या' लेन्सला बाहेरून हात लावणारी यंत्रणा म्हणजे हे लायडर. डीजेआय कंपनीने २०२२ मध्ये गिंबलसाठी काढलेलं लायडर ४३,२०० बिंदूंची अंतरं मोजत होतं, २०२४ मधलं ७६,८०० बिंदूंची मोजतं.

आता ते अंतर मोजतं कसं ते पाहू. विहिरीत दगड टाकून 'डुबुक' ऐकू येईपर्यंत आकडे मोजले की पाणी किती खोल आहे याचा अंदाज येतो. इथे दगडाच्या जागी प्रकाश आहे, आणि अडचण अशी की प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर. नवरदेव चार मीटरवर उभा असेल तर प्रकाश जाऊन परत यायला २६.७ नॅनोसेकंद लागतात. तो एक सेंटीमीटर पुढे सरकला तर फरक पडतो ६७ पिकोसेकंदांचा, आणि पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. बरं, परत येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की कधीकधी एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, टिपावा लागतो. त्यासाठी प्रकाश टिपणाऱ्या डायोडवर त्याच्या सहनशक्तीपेक्षा थोडा जास्त विजेचा उलटा दाब देऊन त्याला अगदी काठावर ठेवतात. एक फोटॉन आपटला तरी आत इलेक्ट्रॉनांचा लोंढा सुटतो आणि घड्याळ थांबतं.

पण फोटॉन तर उन्हातूनही येतात. आपला कुठला आणि सूर्याचा कुठला? एका फोटॉनवरून सांगताच येत नाही. म्हणून लायडर एकदा मोजून थांबत नाही. ते पुन्हा पुन्हा ठिणगी सोडतं आणि प्रत्येक फोटॉनची वेळ त्या त्या वेळेच्या खणात टाकतं. उन्हाचे फोटॉन कधीही येतात, त्यामुळे ते सगळ्या खणांत सारखे पसरतात. परतणारे मात्र दर वेळी त्याच सुमारास येतात, आणि एका खणात ढीग वाढत जातो. ढिगाची जागा म्हणजे अंतर. समजा एका फोटॉनच्या वेळेत २०० पिकोसेकंदांची, म्हणजे ३ सेंटीमीटरची चूक असते. असे १०० फोटॉन जमले की सरासरीतली चूक शंभराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने घटते, आणि ३ मिलिमीटर उरतात. ऊन मुळातच कमी पडावं म्हणून अशी बरीच उपकरणं ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा रंग वापरतात, कारण हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला नेमका तो भाग बराचसा गिळते. टीव्हीच्या रिमोटचा अदृश्य रंगही बहुधा तिथलाच. २००८ मध्ये चांद्रयान-१ नेही लेसर जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरूनच सुमारे १०० किलोमीटरवरून चंद्राचे उंचसखल भाग मोजले होते. तिथे ऊन, भंडारा आणि वऱ्हाडी यांचा त्रास नव्हता.

अंतर कळलं. आता रिंग किती फिरवायची? बहुतेक माहितीपत्रकं या प्रश्नावरून उडी मारून पुढे जातात, आणि खरी गंमत नेमकी इथेच आहे.

दहावीतलं भिंगाचं सूत्र आठवा. चिन्हांचा घोळ बाजूला ठेवला तर वस्तूच्या अंतराचा व्यस्त अधिक प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त बरोबर नाभीय अंतराचा व्यस्त. ५० मिमीची लेन्स घ्या. क्षितिजावरचा डोंगर स्पष्ट दिसायला ती सेन्सरपासून ५० मिमीवर हवी. १० मीटरवरच्या माणसासाठी ती ०.२५ मिमी पुढे सरकवावी लागते, ४ मीटरसाठी ०.६३ मिमी, २ मीटरसाठी १.२८ मिमी आणि १ मीटरसाठी २.६३ मिमी. खऱ्या लेन्समध्ये एकामागे एक अनेक काचा असतात, तरी धडा हाच. अनंतापासून ४ मीटरपर्यंत माणूस चालत आला तरी लेन्स अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त हलते, आणि २ मीटरवरून १ मीटरवर आला की त्याच्या दुपटीहून जास्त. फोकस पुलरला हे सूत्राशिवाय ठाऊक असतं. जवळ येणारा नट त्याला घाम फोडतो.

मग लेन्सला कळतं तरी काय? अंतराचा व्यस्त. एक मीटरचा व्यस्त १, दोन मीटरचा ०.५, चार मीटरचा ०.२५. हे आकडे कुठे पाहिल्यासारखे वाटतात का? तुमच्या चष्म्याच्या कागदावर आहेत. चष्म्याचा नंबर म्हणजे मीटरमधल्या अंतराचा व्यस्तच. उणे १ नंबरवाल्याला चष्म्याविना एक मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, उणे अर्धावाल्याला दोन मीटरपर्यंत. लेन्सचा सगळा हिशेब या नंबरात चालतो आणि लायडर बोलतं मीटरमध्ये. दोघांच्या मध्ये दुभाषा म्हणून एक कोष्टक लागतं, आणि ते प्रत्येक लेन्ससाठी आपल्याला स्वतः भरावं लागतं. ठरावीक अंतरांवर काहीतरी उभं करायचं, मॉनिटरवर बघून हाताने फोकस लावायचा आणि नोंद करायची.

कोष्टकात मधल्या जागा कशा भरतात यावर सारं अवलंबून आहे. समजा घाईत फक्त १ आणि ४ मीटरच्या नोंदी केल्या आणि नवरी आली २ मीटरवर. मीटरच्या सरळ हिशेबाने गेलो तर १ ते ४ मधली एक तृतीयांश वाट झाली, म्हणून लेन्स २.६३ वरून एक तृतीयांश मागे येऊन १.९७ मिमीवर थांबते. त्या जागी फोकस असतो १.३२ मीटरवर. नवरी धूसर, हातातला हार स्पष्ट असंही नाही, मधली रिकामी हवा स्पष्ट! तोच हिशेब चष्म्याच्या नंबरात करा. १ ते ०.२५ या वाटेवर ०.५ म्हणजे दोन तृतीयांश. लेन्स १.३० मिमीवर येते आणि फोकस पडतो १.९७ मीटरवर. चूक फक्त ३ सेंटीमीटर. ५० मिमी लेन्स एफ २ वर असेल (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि स्पष्ट पट्टा अरुंद) तर दोन मीटरवर साधारण १६ सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट दिसतो, म्हणजे ही चूक दिसणारच नाही. नोंदी त्याच, लायडर तेच, मोटर तीच. फरक फक्त व्यस्ताचा. म्हणून नोंदी करताना त्या जवळच्या अंतरांना दाट आणि लांबच्यांना विरळ घ्याव्यात. ८ मीटर आणि १२ मीटर अशा दोन वेगळ्या नोंदी करत बसण्यापेक्षा ८० सेंटीमीटर आणि १ मीटर अशा कराव्यात.

कोष्टक चुकलं की चूक लगेच दिसते, ती मोजता येते आणि दुरुस्त करता येते, म्हणून मला ही यंत्रं आवडतात. आपल्याकडे बोअर मारण्याआधी तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरणारे लोक अजून बोलावले जातात. त्यांच्या नोंदी कुणी ठेवत नाही. पाणी लागलं तर नारळाचं, नाही लागलं तर नशिबाचं.

आणखी एक बारकावा. लेन्सवरची अंतरं सेन्सरपासून धरलेली असतात. कॅमेऱ्याच्या अंगावर गोलातून आरपार रेघ काढलेली खूण असते ती याचसाठी. लायडर बसतं त्याच्या पुढे. ते १० सेंटीमीटर पुढे असेल आणि तो फरक कुठेच धरला नसेल, तर दोन मीटरवरच्या चेहऱ्याला ते १.९ मीटर म्हणेल. ८५ मिमी लेन्स एफ १.५ वर उघडली तर त्या अंतरावर स्पष्ट पट्टा जेमतेम ४ सेंटीमीटरचा, म्हणजे चेहरा गेला. शिवाय डबी लेन्सच्या वर असल्यामुळे अगदी जवळच्या वस्तूवर लेन्सची नजर एका जागी असते आणि डबीची दुसऱ्याच.

मोटर आणि रिंग यांचे दातेही बघावे लागतात. सिनेमाच्या लेन्सवर ०.८ मॉड्यूलचे दाते ही रीत आहे. एका दात्यापासून पुढचा दाता साधारण अडीच मिलिमीटरवर, म्हणजे ८० मिमी व्यासाच्या चाकावर बरोबर शंभर दाते. हेलिओससारख्या जुन्या लेन्सवर ते चढवावे लागतात. ओतकाम आणि क्रँकशाफ्टसाठी नावाजलेल्या आपल्या बेळगावात, उद्यमबागेत गिअर कापणाऱ्या कुणालाही हे अवघड नाही. सांगताना एवढंच सांगायचं की प्ले, म्हणजे दात्यांमधली ढिलाई, नको. मोटर उलटी फिरताना दाते आधी रिकामे सरकले, तर जवळ येणारा माणूस स्पष्ट आणि लांब जाणारा धूसर, असा विचित्र दोष येतो आणि दोष लायडरला दिला जातो.

हे सगळं जमलं तरी एक मर्यादा राहतेच. निकाल तपासणारं कुणी नाही. अंतर मोजलं, कोष्टक पाहिलं, रिंग फिरवली, संपलं. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळला की कॅमेऱ्यासमोरच्या पिवळ्या ढगावरून प्रकाश परततो आणि डबी प्रामाणिकपणे ढगाचं अंतर सांगते. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि धुक्यात तीच गत. आरशातल्या चेहऱ्यासाठी कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते चेहरा या दोन्ही अंतरांची बेरीज लागते. लायडर कधी ती देतं, कधी आरशाची चौकट देतं.

सर्वांत कठीण परीक्षा अंतरपाटाची. नवरीच्या खांद्याजवळून नवरदेवावर कॅमेरा धरलाय, मध्ये एक मीटरवर अंतरपाट, त्यामागे दोन मीटरवर चेहरा. पाट खाली आला की अंतर एका झटक्यात १ वरून २ मीटर होतं, म्हणजे लेन्सच्या भाषेत नंबर १ वरून अर्ध्यावर. हीच उडी ३ वरून ५ मीटरवर असती तर नंबर फक्त ०.१३ ने बदलला असता. मोटर धाडकन फिरते आणि पडद्यावर तो झटका दिसतो. फोकस पुलरने मंगलाष्टकं ऐकलेली असतात. शेवटचं 'सावधान' येतंय हे ओळखून तो आधीच हळूहळू रिंग फिरवत आणतो. लायडर घडून गेलेलं मोजतं, त्यामुळे इथे मोटर हाताने चालवावी हे उत्तम.

आणि शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी ही डबी भाड्याने आणायचा विचार असेल, तर आधी लेन्स बघा. २४ मिमी लेन्स, एफ ४, फोकस ५.८ मीटरवर लावून रिंगवर चिकटपट्टी मारली की २.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट राहतं. रस्त्यावरच्या दिव्यांत आजच्या सेन्सरला एफ ४ बहुधा पुरतो. रात्रभर गिंबल उचलून हिंडायचं असेल तर डबी, मोटर आणि वायर घरीच ठेवल्याने वजनही कमी होतं.