कासवाचं कूळ: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कासवाचं कवच म्हणजे वरून पांघरलेली ढाल, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पाठीचा कणा आणि बरगड्या या कवचाचाच भाग असतात. त्याहून नवलाचं म्हणजे खांद्याचं हाड. आपल्या शरीरात ते बरगड्यांच्या बाहेर असतं, कासवात मात्र बरगड्यांच्या पिंजऱ्याच्या आत. अशी रचना दुसऱ्या कुठल्याच पृष्ठवंशी प्राण्यात नाही, आणि म्हणूनच कासवाचे पूर्वज शोधणं फार अवघड गेलं.

जीवाश्म-अभ्यासक गेऑर्ग बाउर यांनी १८८७ मध्ये जर्मनीतल्या जीवाश्माला ‘प्रोगॅनोकेलिस’ हे नाव दिलं. सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला मान आत ओढता येत नव्हती, टाळूवर बारीक दातही होते. पण कवच पूर्ण तयार झालेलं. सर्वांत जुनं म्हणून जे कासव हाती होतं तेच पुरतं कासव निघालं. त्याच्या आधी काय होतं याचा धागा पुढची शंभर वर्षं नीट सापडला नाही.

या काळात वर्गीकरणाची सगळी भिस्त कवटीवर राहिली. सरडे, साप, मगरी यांच्या पूर्वजांच्या कवटीत डोळ्यामागे दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रं असत. कासवाच्या कवटीत एकही नाही, म्हणून त्याला ‘अ‍ॅनॅप्सिडा’ या प्राचीन गटातला शेवटचा वारस मानलं गेलं. १९९० च्या दशकात रीपेल आणि डीब्रागा या संशोधकांनी सांगाड्यांच्या तुलनेतून याला आव्हान दिलं: छिद्रं मुळात होती, नंतर बुजली. जनुकीय अभ्यासांनी तर कासवाला थेट मगर आणि पक्ष्यांच्या शेजारी नेऊन बसवलं. कवटीच्या एका लक्षणावर एवढा मोठा डोलारा उभा करणं ही चूकच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी कलाटणी मिळाली २००८ मध्ये, चीनच्या ग्वेजो प्रांतातून. ली चुन आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘ओडोंटोकेलिस’च्या जबड्यांत दात आहेत आणि पोटाकडचं कवच पूर्ण आहे. पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या आणि कण्यावरची हाडांची पट्टी. म्हणजे आधी पोट झाकलं गेलं, पाठ नंतर. गर्भाचा अभ्यासही याला पूरक ठरला. जपानमध्ये कुरातानी यांच्या गटाने मऊ कवचाच्या कासवाच्या गर्भात दाखवून दिलं की बरगड्या खाली वळण्याऐवजी बाजूला पसरतात, तिथली शरीराची भिंत आत दुमडते आणि खांद्याचं हाड झाकलं जातं. त्वचेतली हाडं जुळून कवच झालं, हा जुना तर्क त्यामुळे बराच मागे पडला.

मग दुवे भराभर आले. २०१५ मध्ये जर्मनीतला, सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा ‘पॅपोकेलिस’: पोटाखाली जाड फासळ्या आणि कवटीत ती हरवलेली छिद्रं. २०१८ मध्ये पुन्हा ग्वेजोमधून ‘इओर्हिन्कोकेलिस’: दोन मीटरहून लांब, चोच आहे पण कवच नाही.

नावांचाही घोळ झाला. कवच ही कासवाची खूण मानली तर ओडोंटोकेलिस बाहेर राहतं, म्हणून आता पूर्ण कवचाचा गट, आजच्या कासवांचा गट आणि या साऱ्यांना सामावणारा व्यापक गट अशी वेगवेगळी नावं वापरतात. मान बाजूला वळवणारी आणि मान सरळ आत ओढणारी, या आजच्या दोन शाखांत एके काळी ट्रायासिकमधली, म्हणजे सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली, कासवंही बसवली जात. जर्मनीतल्या ‘प्रोटेरोकर्सिस’ला असंच बाजूला मान वळवणाऱ्यांत घातलं होतं, संशोधक जॉइस यांच्या २००७ च्या विश्लेषणाने त्याला दोन्ही शाखांच्या आधीचं ठरवलं. भारतातली जुनी नोंद ‘इंडोकेलिस’ची, २००० साली वर्णन झालेली, ज्युरासिक काळातल्या कोटा खडकांमधली. या खडकांना नाव मिळालं ते गडचिरोलीतल्या सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून.

सर्वांत मोठा वाद उरतो दक्षिण आफ्रिकेतल्या ‘युनोटोसॉरस’चा. सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याच्या बरगड्या विलक्षण रुंद आहेत. लायसन यांच्या गटाच्या मते तो कासवाचा पूर्वज-नातलग आहे, आणि रुंद बरगड्या संरक्षणासाठी नव्हे तर बीळ उकरताना शरीराला आधार म्हणून आल्या. सर्वांना हे मान्य नाही. तो या कुळातला नसेल, तर तशाच रुंद बरगड्या दोन वेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आल्या असं मानावं लागेल, आणि कवचाची सुरुवात पुन्हा पॅपोकेलिसच्या पोटाखालच्या फासळ्यांपाशी शोधावी लागेल.