जनरेटर कधी चालवायचा: ऑफ-ग्रिड मॉडेलिंगची पार्श्वभूमी

डिझेलच्या जोरावर चालणाऱ्या ऑफ-ग्रिड, म्हणजे मुख्य वीजजाळ्याशी न जोडलेल्या, वस्त्यांचा हिशेब पूर्वी एका ओळीत मावायचा: सर्वाधिक लोड (विजेची मागणी) काढा, त्याहून थोडा मोठा जनरेटर घ्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्याला पवनचक्क्या जोडून पाहिल्या आणि तो हिशेब कोलमडला. वारा काही लोड पाहून वाहत नाही. मग वर्षाचे ८,७६० तास एकेक करून तपासणारी मॉडेल लिहिली जाऊ लागली.

खरी घडण नव्वदच्या दशकातली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेलं सॉफ्टवेअर आजही जगभर वापरात आहे. त्याच वर्षी लेड-ॲसिड बॅटरीचं दोन टाक्यांचं मॉडेल प्रसिद्ध झालं. एका टाकीतला चार्ज लगेच मिळतो, दुसरीतला सावकाश झिरपतो. दमलेली बॅटरी थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा का चालते, ते यामुळे गणितात आलं.

वाद मात्र पेटला तो जनरेटर चालवण्याच्या नियमावरून. त्या काळापासून रूढ असलेल्या इंधनसूत्रानुसार १०० किलोवॉटचा जनरेटर नुसता फिरत ठेवायला ताशी सुमारे ८.४ लिटर डिझेल लागतं, शिवाय प्रत्येक युनिटला ०.२४६ लिटर. म्हणजे पूर्ण लोडवर युनिटमागे ०.३३ लिटर, पण २५ किलोवॉटवर ०.५८. एक पक्ष म्हणे, चालू केलाच आहे तर पूर्ण चालवा, उरलेली वीज बॅटरीत भरा आणि नंतर तो बंद ठेवा. जनरेटर फिरताच असल्याने जादा युनिटला ०.२४६ लिटरच लागतं; बॅटरीत २० टक्के वीज वाया गेली तरी ते ०.३१ लिटरला पडतं. दुसरा पक्ष म्हणे, लोडपुरताच चालवा. बॅटरीची झीज फुकट नसते, आणि डिझेलने भरलेल्या बॅटरीत सकाळच्या सौरविजेला जागा उरत नाही.

१९९६ च्या एका शोधनिबंधाने दाखवलं की नीट निवडलेला साधा नियम, पुढचं सगळं आधीच ठाऊक असलेल्या आदर्श नियंत्रणाच्या जवळपास पोचतो. सॉफ्टवेअरने दोन्ही नियम वर्षभर चालवून स्वस्त पडेल तो निवडायचा मार्ग धरला. माझ्या मते इथे सोयीचीच प्रथा झाली. ढगाळ महिन्यांत एक नियम बरा, उन्हाच्या महिन्यांत दुसरा. वर्षभर एकच का? पॅनेल किती घ्यायची यावर अहवालांत पानंच्या पानं खर्ची पडतात, नियमाला एक ओळही मिळत नाही.

२०१० नंतर लिथियम बॅटरी पॅकच्या किमती दशकभरात सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या. भरून परत काढताना वाया जाणारी वीजही घटली, आणि जनरेटरशिवाय व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी स्वतः सांभाळणारे इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज एसी करणारी यंत्रं) आल्यावर जनरेटर पूर्ण बंद ठेवणं शक्य झालं. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली तो चालवू नये, हा काजळी धरू नये म्हणून पाळला जाणारा दंडकही त्यामुळे तितका जाचक उरला नाही. आता ढग आला की बॅटरी काही मिनिटं लोड पेलते, तेवढ्यात जनरेटर तयार होतो. तासाच्या टप्प्यात हे दिसतच नाही, म्हणून गणित मिनिटावर उतरलं आहे.