कॅन्ससमधील ‘फुकट जमीन’: एक खुलासा

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात सरकार आजही फुकट शेतजमीन वाटते आणि ती घेऊन कोणीही तेथे दुकान थाटू शकतो, हा समज बरीच वर्षे टिकून आहे. वास्तविक 160 एकर देणारा होमस्टेड कायदा 1862 चा होता आणि अलास्का वगळता तो 1976 मध्येच रद्द झाला. लिंकनसारख्या छोट्या गावांनी अलीकडे जे देऊ केले, ते केवळ घरापुरते भूखंड असून त्यांना ठरलेल्या मुदतीत घर बांधण्याची अट जोडलेली असते; त्यामुळे जमिनीची किंमत वाचली तरी बांधकामाचा खर्च, जो खरा मोठा असतो, तो वाचत नाही. यात दानधर्म नाही: वस्ती घटली की शाळेचा पट आणि मालमत्ता कराचे उत्पन्न दोन्ही आटते, म्हणून गावाला रहिवासी हवे असतात. दुकानाला मात्र गिऱ्हाईक मोजकेच मिळते. शिवाय, आपल्याकडे हे हमखास विसरले जाते, जमिनीच्या मालकीने व्हिसा मिळत नाही आणि अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळणारा ई-2 गुंतवणूकदार व्हिसा भारतीय नागरिकांसाठी उपलब्धच नाही.