उलट्या चामड्याचे बूट आणि हरणाचं हाड

इंग्लंडमधल्या फॉक्स हंटिंगची जुनी चित्रं पाहिली असतील तर लाल कोट, पांढरी ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार) आणि गुडघ्यापर्यंतचे काळेभोर बूट लगेच आठवतील, त्या बुटांचा वरचा चार-पाच बोटं रुंद पट्टा मात्र तपकिरी. कुत्र्यांचा ताफा मागे लावून खोकड मारायचा हा खेळ इंग्लंड आणि वेल्समध्ये हंटिंग अ‍ॅक्ट 2004 ने बंद केला, फेब्रुवारी 2005 पासून कायदा लागू झाला, आणि माझ्या मते बरंच झालं. आता ट्रेल हंटिंग चालतं, म्हणजे आधी वासाचं फडकं ओढत न्यायचं आणि कुत्री त्या वासामागे (त्याच्या आडून खरी शिकार होते हा आरोप आहेच, तो वेगळा विषय). बूट मात्र तेच राहिलेत आणि सायन्सच्या नजरेने बघितलं तर या सगळ्या प्रकरणात खरी भारी गोष्ट बूटच आहे.

हा बूट नुसता ऐटीसाठी नाही. सीझन नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे थंडी, पाऊस, गुडघाभर चिखल, आणि घोडा ब्लॅकथॉर्नच्या काटेरी कुंपणावरून उडी मारणार तेव्हा ओरखडे बसणार ते नडगीवर. आता आपल्या रोजच्या बुटात चामड्याची केसांकडची गुळगुळीत बाजू बाहेर असते. जुन्या हंटिंग बुटांत उलटं, वासराच्या कातड्याची मांसाकडची बाजू बाहेर. याला वॅक्स्ड काफ म्हणतात. हे मुद्दाम केलंय आणि त्यामागचं कारण कळायला चामडं आतून कसं असतं ते थोडं बघावं लागेल.

कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रोटीन. तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या, असा एक रेणू साधारण 300 नॅनोमीटर लांब आणि फक्त दीड नॅनोमीटर जाड, अशा असंख्य रेणूंचे धागे, धाग्यांचे जुडगे आणि जुडग्यांचं दाट जाळं. केसांकडच्या बाजूला हे जाळं एकदम बारीक आणि घट्ट, पण तो थर पातळ असतो, तो एकदा काट्याने फाटला की संपलं, वरून कितीही पॉलिश चोपडा. मांसाकडे धागे जाड आणि मोकळे. तिथे काटा लागला तर धागे बहुतेक वेळा तुटत नाहीत, नुसते विस्कटतात, आणि विस्कटलेलं परत बसवता येतं. जुन्या कारागिरांना कोलॅजन वगैरे माहीत नव्हतं पण हे पक्कं माहीत होतं.

कच्चं कातडं वाळलं की धागे एकमेकांना चिकटून ते कडक होतं आणि ओलं राहिलं तर सडतं. कमावताना झाडाच्या सालीतलं टॅनिन धाग्यांमध्ये शिरून त्यांना धरून ठेवतं. इंग्लंडमध्ये यासाठी ओकची साल, डेव्हनमधल्या कॉलिटन गावात बेकर यांची टॅनरी अजूनही त्या पद्धतीने काम करते आणि जाड चामडं सालीच्या हौदांत वर्षभराहून जास्त मुरवते. आपल्याकडे कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तत्त्व तेच. आणि हिरड्याचं कनेक्शन तर याहून जवळचं आहे, आपल्या सह्याद्रीतला हिरडा बोटीने विलायतेला टॅनऱ्यांसाठी जायचा आणि तिथल्या व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीचं नावच ‘व्हिंगोर्ला’ होतं, म्हणजे आपलं वेंगुर्ला! नेमक्या कुठल्या लॉर्डसाहेबाच्या बुटात तो मुरला ते कोण सांगणार, पण मला याची फार गंमत वाटते.

कमावल्यावर वॅक्स्ड काफमध्ये जनावराची चरबी आणि माशाचं तेल भरपूर जिरवायचे, मग वरून काजळी आणि मेण. तेलाचं काम असं की धागे वाळताना चिकटू न देता एकमेकांवरून सरकू द्यायचे, आणि मेण पाणी अडवतं. म्हणून या बुटाची निगा म्हणजे आत तेल किती उरलंय आणि पाणी किती शिरलंय एवढंच बघणं, चमक हा बोनस.

आता ते हरणाचं हाड. राइड झाली की थंड पाणी आणि स्पंजने चिखल काढायचा, बूट पूर्ण वाळू द्यायचा, काळं मेण थोडंसं लावायचं आणि मग हरणाच्या नडगीच्या हाडाने जोर लावून घासत बसायचं. याला बोनिंग म्हणतात. मधमाशीचं मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं, आणि घासून घासून जी ऊब तयार होते तेवढ्यात ते धाग्यांत दबतं, वर आलेले तंतू आडवे होतात, ओरखडा बुजत जातो. हाड कठीण असून गुळगुळीत, म्हणून चामडं सोलत नाही. हाड नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ वापरतात, चालतं. अर्धा-पाऊण तास हात दुखेपर्यंत घासलं की आधी मळकट मॅट दिसणारा भाग हळूहळू काळ्या काचेसारखा व्हायला लागतो, आणि ही चमक वर थापलेली नसून दाबलेल्या धाग्यांची असते.

हा सगळा उद्योग आजच्या नेहमीच्या बुटांवर मात्र करू नका. ऑगस्टस शुल्ट्झने 1884 मध्ये क्रोमियमचे क्षार वापरून कमावण्याचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे बॉक्स काफ आलं, त्यात गुळगुळीत बाजू बाहेर असते. ते हलकं, मऊ, पटकन चमकणारं, त्याला साधं क्रीम आणि ब्रश पुरे. नवीन घेताना बहुतेकांना हेच मिळेल आणि अरीनात घोडा फिरवायला ते उत्तमच. काट्याकुट्यात जायचं असेल तर मी जुना सेकंडहँड वॅक्स्ड काफ शोधेन, फक्त घोट्याच्या घडीत आडवी चीर आणि टाचेजवळची शिवण बघूनच, कारण चीर म्हणजे धागेच तुटलेत, तिथे हाडही काही करू शकत नाही.

मापाचं म्हणाल तर पोटरी ब्रीचेस घालून मोजायची आणि दुपारनंतर, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नवा बूट गुडघ्याच्या मागे किंचित टोचला पाहिजे. हे ऐकून लोक दचकतात, पण घोट्याला सुरकुत्या पडल्या की बूट इंच-दीड इंच खाली बसतो, आज आरामात बसणारा बूट सहा महिन्यांनी आखूड दिसणार. चेन नसलेला बूट असेल तर दुकानात घालून बघण्यापेक्षा काढून बघा, खरी परीक्षा तीच!

आणि ओला बूट हीटरपाशी ठेवायचा नाही, ही एकच चूक सगळ्यात महाग पडते. ओलं कच्चं कातडं 60-65 अंशांना आकसतं, सालीने कमावलेलं 70 ते 85 च्या दरम्यान, क्रोमचं 100 च्या आसपास किंवा वर. म्हणजे क्रोमच्या बुटाने जे सहन केलं ते आजोबांच्या बुटाला झेपेलच असं नाही, आणि एकदा कोलॅजनची वेणी सुटली की ते जिलेटिनच्या वाटेला लागतं, परत येत नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, ओले झाले की बदलायचे, मग लाकडी बूट ट्री (बुटाचा आकार धरून ठेवणारा साचा) घालून सावलीत ठेवायचं. बुटाची घोड्याच्या अंगाला घासणारी बाजू आधी पुसा, कारण घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा खारट असतो आणि त्यात लॅथरिन नावाचं फेस करणारं प्रोटीन असतं, घोड्याच्या अंगावर जो पांढरा फेस दिसतो तो त्याचाच.

तपकिरी पट्ट्याला काळं मेण चुकूनही लागू देऊ नका, त्याला वेगळं फडकं आणि वेगळं क्रीम. अठराव्या शतकात बुटाचा वरचा भाग खाली दुमडायचे आणि आतली न रंगवलेली बाजू दिसायची, तीच फॅशन पुढे वेगळा पट्टा शिवून कायम झाली.

कपाटातून काढल्यावर बुटावर पांढरं दिसलं तर लगेच बुरशी समजून घाबरू नका. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. पांढरं वितळून गायब झालं तर ती आतली चरबी होती, थंडीत तिच्यातली फॅटी अ‍ॅसिड्स वर येऊन गोठतात, कापडाने पुसा आणि विसरा. ओल्या फडक्याने गेलं पण वाळल्यावर परत आलं तर मीठ. दोन्हींनी गेलं नाही, वर केसाळ दिसतंय आणि कुबट वास येतोय, तर बुरशी, मग बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा म्हणजे घरभर बीजाणू उडणार नाहीत. हवेतली आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर राहिली की ती हमखास येते, त्यामुळे पुण्या-मुंबईत पावसाळ्यात रायडिंग बूट ठेवणाऱ्यांनी प्लॅस्टिकची पिशवी टाळा, सुती पिशवी घ्या आणि दर आठवड्याला एकदा बाहेर काढून हवा द्या.