अधिक सेकंद, क्षय सेकंद : लीप सेकंदाची पार्श्वभूमी

लीप सेकंद म्हणजे अणुघड्याळांची वेळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळती राहावी म्हणून घड्याळात घातलेला जादा सेकंद. भारतात तो पहाटे साडेपाचच्या तोंडावर येतो. जागतिक प्रमाणवेळेत तो ३० जून किंवा ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून १ जानेवारी २०१७ रोजी ५:२९:५९ नंतर ५:२९:६० वाजले आणि मग ५:३०:००. १९७२पासूनचा हा २७वा, आणि त्यानंतर एकही आलेला नाही.

नावामुळे मोठा घोटाळा होतो. लीप वर्ष काय किंवा अधिक मास काय, दोन्ही गणिताने कळतात. पुढच्या पन्नास वर्षांतले अधिक मास पंचांगकर्ते आज सांगू शकतात. लीप सेकंदाचे तसे नाही. गाभ्यातले प्रवाह, वारे, वितळणारा बर्फ यांमुळे पृथ्वीची गती कमीजास्त होत राहते. त्यामुळे अणुघड्याळ आणि पृथ्वी यांच्या वेळेतला फरक मोजत राहायचा, तो ०.९ सेकंदाच्या आत ठेवायचा आणि जेमतेम सहा महिने आधी घोषणा करायची, एवढेच हातात असते. दुसरा गैरसमज याहून चिवट आहे : दर लीप सेकंदामागे पृथ्वी एका सेकंदाने मंदावली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दिवस ८६,४०० सेकंदांपेक्षा २ मिलिसेकंदांनी मोठा असला, तरी ५०० दिवसांत एक सेकंद साचतो. उधारीच्या वहीसारखे आहे हे. रोजची रक्कम वाढली नाही, तरी बाकी चढतच जाते. मुळात १९६७ साली सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर जो सेकंद बांधला, तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या सूर्याच्या निरीक्षणांशी जुळवलेला होता. तो जन्मतःच थोडा आखूड निघाला.

१९७२पूर्वी दशकभर घड्याळांची गतीच अधूनमधून बदलत आणि सेकंदाच्या दशांशाचे धक्के देत. त्यापेक्षा पूर्ण सेकंद बरा, असे ठरले.

तेव्हा ते सोयीचेही होते. १९७९ संपेपर्यंत नऊ लीप सेकंद आले, सगळ्यांना सवय होती. पुढे १९९८ अखेरनंतर सात वर्षे एकही आला नाही आणि नेमक्या याच काळात जगाचे व्यवहार सर्व्हरवर गेले. १ जुलै २०१२ला त्याची किंमत मोजावी लागली. अनेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्स प्रणालीच्या कर्नलने, म्हणजे तिच्या गाभ्याने, सेकंद घातला, पण सूक्ष्म टायमरना कळवलेच नाही. ते एक सेकंद पुढे राहिले, छोट्या मुदतीचे टायमर लावताक्षणीच संपू लागले, प्रोग्राम गरगर फिरत राहिले आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेले. उपाय इतकाच होता की मशीनची वेळ होती तीच पुन्हा लावायची.

त्यातून ‘सेकंद पसरवण्या’ची पद्धत रूढ झाली. आपल्या आदल्या संध्याकाळी साडेपाचपासून चोवीस तास प्रत्येक सेकंद ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबवायचा. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी इथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : मशीन ज्यांच्याकडून वेळ घेते त्या वेळस्रोतांपैकी पसरवणारे आणि न पसरवणारे एकाच यादीत ठेवू नयेत. ऐन क्षणी दोघांत अर्ध्या सेकंदाचे अंतर पडते आणि कुणाला खरे मानावे हे मशीनला कळत नाही.

नोव्हेंबर २०२२मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेने ०.९ सेकंदाची मर्यादा २०३५पर्यंत मोठी करायचे ठरवले, म्हणजे लीप सेकंद सारखा घालावा लागणार नाही. वाद वीसेक वर्षे चालला होता. घड्याळ सूर्याला सोडून जाईल, हा विरोधकांचा मुद्दा. पण ठाण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी, कारण आपली वेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आणि ठाणे सुमारे ७३ अंशांवर. ही ३८ मिनिटे आपल्याला खुपत नाहीत. मग शतकभरात साचणाऱ्या मिनिटभरासाठी यंत्रणा पणाला लावणे पटत नाही. निर्णय योग्यच आहे, फक्त फार उशिरा आला.

दरम्यान उलटेच संकट उभे राहिले. २०२०पासून पृथ्वी जरा वेगाने फिरू लागली. २९ जून २०२२चा दिवस १.५९ मिलिसेकंदांनी लहान भरला. हे चालू राहिले तर सेकंद वगळावा लागेल, म्हणजे क्षय मासासारखा क्षय सेकंद. ध्रुवांवरचे बर्फ वितळून पाणी विषुववृत्ताकडे सरकते, त्याने गती मंदावते आणि ही वेळ २०२९च्या आसपास ढकलली गेली आहे, असा २०२४चा अंदाज आहे. ५:२९:५८ नंतर थेट ५:३०:०० वाजणे कोणत्याही यंत्रणेने आजवर प्रत्यक्ष अनुभवलेले नाही. वेळस्रोत मशीनला पाठवतात त्या वेळेच्या संदेशात ५९ सेकंदांच्या मिनिटासाठी वेगळी खूण पूर्वीपासून आहे, पण ती वाचणारा कोड खऱ्या प्रसंगी कधीच चाललेला नाही. चाचणीच्या मशीनवर ती खूण आताच देऊन पाहावी.