बुग्याल कुठे संपतं?

उत्तराखंडातल्या रूपकुंडच्या ट्रेकला जाऊन आलेल्या कुणाचेही फोटो पाहा. वाटेतल्या बेदनीचा हिरवा उतार असो की आणखी वर भगवाबासाच्या मुक्कामाजवळ दगडांच्या फटींत दिसणारे हिरवे ठिपके, दोन्हींखाली शब्द एकच: बुग्याल. झाडं संपली की वर जे काही बुटकं उगवतं ते सगळं बुग्याल, अशी आपल्या ट्रेकर मंडळींची समजूत. माझीही बरीच वर्षं तीच होती.

गढवालात साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या दरम्यान खर्सू (तिथला ओक), भोजपत्र, बुटका बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) ही झाडं मागे पडतात आणि बुग्याल सुरू होतं. हा शब्द गढवाली, अर्थ कुरण. या अर्थातच सगळं आलं. कुरण म्हणजे चराई, चराई म्हणजे गवत, आणि गवत म्हणजे पायाखाली माती. बेदनी किंवा दयारा या बुग्यालांवर चालताना पाय किंचित दबतो, कारण खाली मुळांनी विणून धरलेला मातीचा थर असतो. रोपाला रोप खेटून. मधे उघडी जमीन शोधायला गेलात तर सहजी सापडत नाही.

कालू विनायकाच्या खिंडीकडे चढू लागलात की ही वीण विरत जाते. भगवाबासा ४,२०० मीटरच्या आसपास. इथे आधी दगड दिसतो, मग रोप. एक रोप इथे, दुसरं हातभर लांब, मधे नुसती खडी. या पट्ट्याला आपल्याकडे रुळलेला शब्द नाही, म्हणूनच तो बुग्यालाच्या खात्यात जमा होतो. मी त्याला दगडाळ उतार म्हणतो.

फरक उंचीचा वाटतो, पण उंचीपेक्षा तो बर्फाचा आणि वाऱ्याचा जास्त आहे. बुग्यालावर हिवाळाभर बर्फ साचून राहतो आणि तो चक्क गोधडीचं काम करतो. वर कितीही कडाका असो, बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते. उघड्या दगडाळ उतारावरचा बर्फ वारा उडवून नेतो. तिथलं रोप उघड्यावर थंडी काढतं. शिवाय जमीन स्थिर नसते. ओल रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि या खालीवर होण्यात खडी सरकत राहते. गवताची वीण इथे टिकणार कशी?

टिकतात त्या उशा. एकाच रोपाच्या शेकडो बारीक फांद्या एकमेकींना इतक्या चिकटून वाढतात की वरून गुळगुळीत हिरवा घुमट दिसतो. लोक त्याला शेवाळ समजतात, पण ते चांगलं फुलणारं झाड असतं, खाली लांब सोटमूळ असलेलं. घुमटावरून वारा घसरून जातो, आत ऊब राहते. जुनी पानं बाहेर न पडता आतच कुजतात, म्हणजे हे झाड स्वतःची माती स्वतःच तयार करतं. त्या मातीत इतर रोपांचं बी येऊन रुजतं. लडाखात अशा उशा ६,००० मीटरच्याही वर सापडल्या आहेत. वाढ मात्र अतिशय सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर. आपण ज्यावर बूट ठेवतो तो हातभर रुंदीचा घुमट आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो.

ब्रह्मकमळही याच दगडांतलं. त्याची फिकट, अर्धपारदर्शक पानं जांभळ्या फुलांभोवती कंदिलासारखी मिटलेली असतात आणि आतली ऊब धरतात. त्याच्याही वर फेनकमळ, अंगभर लोकर पांघरलेलं. (पुण्या-मुंबईच्या गॅलरीत रात्री फुलणारं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिरवणारं ब्रह्मकमळ हा निवडुंग आहे, मूळ मेक्सिकोकडचा. नावापलीकडे काही नातं नाही.)

कास पाहिलेल्यांना दगडाळ उतार ओळखीचा वाटेल. मातीचा पातळ थर, बुटकी झाडं, थोडक्या दिवसांचा बहर. पण साताऱ्याच्या सड्यावर झाडांना बुटकं ठेवते ती थंडी नव्हे. पावसाळ्यात जांभ्यावर साचणारं पाणी आणि उन्हाळ्यात तापणारा तोच कोरडा कातळ.

खरी गफलत होते ती फाटलेल्या बुग्यालात. तंबू, खेचरं आणि हजारो बुटांनी गवताची वीण एकदा उसवली की पाऊस माती वाहून नेतो आणि खालचे दगड उघडे पडतात. नवख्याला वाटतं, हा दगडाळ उतारच. ओळखायचं कसं? कडेला पाहा. फाटलेल्या बुग्यालाला काळ्या मातीची पायरी असते आणि तिच्यातून मुळं लोंबत असतात. अस्सल दगडाळ उताराला अशी कड नसतेच, आणि तिथे उशा असतात. फाटलेल्या जागी त्या नसतात.

२०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, तेव्हा आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींत बरीच कुरकुर झाली. दयारात पुढे वन विभागाने अशा उसवलेल्या जागांवर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, माती धरून ठेवायला. वरच्या दगडांत अशा जाळीचं काही काम नाही. तिथे धरून ठेवायला माती आहे ती उशीच्या पोटात.